खोकून दाखवा

"मावशी, आता एकदा खोकून दाखवा," डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या आणि प्रयागबाईने पदर तोंडाशी ओढला. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. जीभ दाखवून झाली होती, पाठीवर गार नळी फिरवून झाली होती, लांब श्वास घ्या, सोडा, परत घ्या, तेही झालं होतं. एका दमात आकडे म्हणायला लावले तेव्हा तिने टोपल्यातल्या भाकरी मोजाव्यात तसे भराभर म्हणून टाकले होते. मग डॉक्टरीणबाईंनी आगपेटीतली काडी ओढून तिच्या तोंडासमोर जरा लांब धरली आणि ओठ न मुडपता, तोंड उघडं ठेवून फुंकून विझवा म्हणाल्या. जन्मभर फुंकणीने चूल पेटवलेल्या बाईला विझवण्यासाठी फुंकायचं हेच आधी चमत्कारिक, त्यात ओठ मुडपायचे नाहीत. पहिल्या काड्या डॉक्टरीणबाईंच्या बोटापर्यंत जळत गेल्या, शेवटी एक कशीबशी विझली. डॉक्टरीणबाई हसल्या, तीही हसली. पण खोका म्हटल्यावर ते हसू जागच्या जागी राहिलं. आजवर तिला लोकांनी नाना गोष्टी करून दाखवायला सांगितल्या होत्या. बघायला आले तेव्हा चालून दाखव, हात पुढं कर, सुईत दोरा ओवून दाखव. नांदायला आल्यावर एवढं दळून दाखव, तेवढं उचलून दाखव. खोकून दाखव असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं. तिने एवढी वर्षं जे जपलं होतं ते नेमकं ह्या बाईने मागितलं होतं.

गालात लवंग होती. ती तिने दाढेखाली दाबली, घसा आवळला आणि देवळात भटजींचं लक्ष वेधायला बायका करतात तेवढाच "हं" असा आवाज काढला. "हे खाकरणं झालं, मावशी. खोका. पोटातून खोका." तिने परत "हं" केलं. कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारी स्टुलावर नवरा, सावळाराम, मांडीवर टोपी ठेवून बसला होता. पडद्याच्या पलीकडे कंपाउंडर कुणाशी तरी बोलत होता, दाराबाहेर बाकावर माणसं दाटीने बसली होती. एवढ्या पुरुषांच्या कानावर जाईल असं खोकायचं म्हणजे काय? पण लाज हा अर्धाच भाग होता. तिला पक्कं ठाऊक होतं की तिचा खोकला एकटा येत नाही. एकाला दार उघडलं की मागची सगळी रांग आत घुसते, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती थांबवता येत नाही. डॉक्टरीणबाईंना खरं तर तेच बघायचं होतं, एका खोकल्यावर माणूस थांबतं की उबळ लागते ते. पण हे प्रयागबाईला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तिने लवंग आणखीनच घट्ट दाबली असती.

"खोकला असतो का तुम्हाला? पहाटे वगैरे?"

"न्हाय जी."

"आडवं झोपता येतं?"

"येतंय की."

डॉक्टरीणबाईंनी सावळारामकडे पाहिलं. तो सरसावून बसला आणि एखाद्याने पोरीच्या चालीची ग्वाही द्यावी तशा आवाजात म्हणाला, "म्याडम, खोकल्याचं नाव काडू नगा. लगीन हून आली तवापासनं घरात हिच्या खोकल्याचा आवाज न्हाय. आमचं वडील लय कडक मानूस, त्यांनीबी कवा आईकला न्हाय." आपल्या बायकोबद्दल त्याने चारचौघांत एवढं कौतुक पूर्वी कधी केलं असेल असं तिला आठवेना. तिने पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

डॉक्टरीणबाईंचं नाव योगिनी. वयाने त्या प्रयागबाईच्या मुलाएवढ्या असतील, पण समजावून सांगायची रीत थोरल्या माणसाची. त्या म्हणाल्या, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता ना, त्या तापाने हृदयातली झडप आखडून गेली आहे. ती पुण्याचे डॉक्टर बदलतील, त्यात ते मुरलेले आहेत, झडपेची काळजी नको. काळजी छातीची. छाती उघडून शिवली की दुखते, दुखते म्हणून माणूस खोकत नाही, खोकत नाही म्हणून कफ आतच बसतो आणि फुप्फुसाचा तळ मिटून जातो. ऑपरेशन झकास झालेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात दगावतो. कुणाचं असं होईल आणि कुणाचं नाही याचा अंदाज आधीच बांधायचा असतो, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तेवढंच काम त्यांच्यावर टाकलं होतं. "तुमचं तसं बरं दिसतंय. तळाशी थोडं वाजतंय खरं. पण विडी नाही, मिश्री सोडलीय म्हणता, खोकला नाही." असं म्हणून त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात परत या. तोवर रोज फुगे फुगवा. साधे, जत्रेतले."

बाहेर बारामतीच्या भिगवण रस्त्याला ऊन चढलं होतं. सावळाराम पुढं आणि ती मागं, दर दोन दुकानांनी एक दुकान बघायचं निमित्त काढून थांबत, अशी ती दोघं निघाली. ही थांबायची कलाही तिची जुनीच होती. भांड्यांच्या दुकानापुढं थांबायचं, पातेल्याला बोट लावून बघायचं, तेवढ्यात दम परत येतो. नवरा पुढं जाऊन वळून बघे आणि बायकांना दुकानं दिसली की झालं असं काहीतरी पुटपुटे. आज तो काही पुटपुटला नाही. बाजाराचा दिवस होता, जनावरांच्या बाजाराकडून मेंढरांचा वास येत होता. तिला तो वास लांबून कळे, शहरात इतकी वर्षं काढूनही. कुंपणाच्या जाळीपाशी ती थांबली, ह्या वेळी दमासाठी नव्हे. आत एक व्यापारी मेंढीच्या गळ्याखाली हात घालून चिमटीने श्वासाची नळी दाबत होता. मेंढी मान झाडत होती. व्यापारी कान लावून वाट बघत होता. मेंढी खोकली नाही. त्याने दुसरीकडे हात घातला.

माहेरी, कऱ्हाटीला, तिचा बाप, सोनबा, असाच कान लावायचा. तेव्हा घरात मेंढरं होती. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली, आता तिच्या भावांची पोरं दुधाच्या गाड्यांवर ड्रायव्हर आहेत. पण तेव्हा दिवाळी झाली की कळप कोकणाच्या वाटेला लागायचा आणि त्याच्या आधी बाप एकेक मेंढरू पायात धरून त्याची नळी दाबायचा. खोकलं की ते बाजूला. खोकणारं घाट चढत नाही, चढलं तर उतरत नाही, आणि मधेच बसलं तर साऱ्या कळपाला बसवतं. म्हणून त्याला आधी बाजार दाखवायचा. बाजारात मात्र घेणाराही तीच चिमटी घेऊन येणार, तेव्हा बाप सकाळीच गुळात हळद कालवून त्याच्या घशात सारायचा, आणि प्रयागाने त्याचं तोंड मांडीशी धरून बसायचं. "धर गं नीट. खोकलं की खाटकाच्या भावात गेलं," असं बाप म्हणे. मेंढराच्या नाकपुड्यांचा ओला गरम श्वास तिच्या घोट्यावर यायचा, त्याच्या गळ्यात काहीतरी वरखाली व्हायचं, आणि ती त्याच्या कानात म्हणायची, गप, गप ग बाई, थोडा वेळ गप. कुणाचा अंदाज कशावरून बांधतात हे तिला असं फार लवकर कळलं होतं. त्यामुळे डॉक्टरीणबाई अंदाज म्हणाल्या तेव्हा तिने मनाशी जे ताडायचं ते ताडलं. पुण्याला घाट चढून न्यायचे कोण आणि आधीच बाजूला काढायचे कोण, हे ही बाई ठरवणार. खोकलं की आपण बाजूला.

आणि तिला बाजूला व्हायचं नव्हतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण पन्नाशीच्या बाईने जगायची हौस बोलून दाखवली की लोक हसतात. तिला फार काही नको होतं. भोसरीला कंपनीत असलेल्या मुलाचं, इंद्रजितचं लग्न बघायचं आहे, असं ती लोकांना सांगे, ते खरंही होतं. पण खरं म्हणजे तिला पाठ टेकून झोपायचं होतं. सरळ, उताणं, हातपाय पसरून, डोक्याखाली काही न घेता. कितीतरी वर्षं ती भिंतीला टेकून, गुडघ्यांशी उशी धरून रात्र काढत होती. आडवं झालं की छातीवर पाणी चढे आणि घशात खोकला यायचा. कंबर धरते म्हणून बसते, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं आणि त्याने बरं म्हटलं होतं. दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या तिने पडद्याच्या फटीतून एक रिकामी खाट पाहिली होती, पांढरी चादर ताणून घातलेली. ऑपरेशन झाल्यावर असल्या खाटेवर आपण उताणं पडू आणि काहीच होणार नाही, ह्या विचाराने तिला तिथंच रडू आलं होतं.

सासर नरसिंहपूरच्या अलीकडं, नदीकाठाला. सासरा रावजी दारात आला की आधी खाकरायचा, आणि त्या एका आवाजाने सोप्यातल्या बायका स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातल्या परसात व्हायच्या. घरात खोकायचा मान त्याचा एकट्याचा होता म्हणा ना. प्रयागा नवी नवरी होऊन आली तेव्हा थोरली जाऊ साखरबाई घर चालवत होती. गोरी, उंच, मोठ्याने हसणारी. पहिल्याच हिवाळ्यात साखरबाईला खोकला लागला. आठ-पंधरा दिवस सगळ्यांनी ऐकला. मग एकदा जेवताना सासऱ्याने घास ताटातच ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "थोरलीला म्हायेरी धाडा. हवापालट हुईल." क्षय हा शब्द कुणी उच्चारला नाही, उच्चारायची गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. साखरबाईने जाताना प्रयागाच्या हाती विरजणाचं गाडगं दिलं आणि म्हणाली, "आंबट हू दिऊ नगं, मी हायेच चार दिसांत." तिला आणायला गाडी परत गेली नाही. उन्हाळ्यात थोरल्या दिराचं दुसरं लग्न झालं. साखरबाई मेली असती तर निदान घरात कुणी तिचं नाव घेतलं असतं. ती मेली नाही. तिला काही क्षय नव्हता, सर्दीच असावी. ती भावाच्या रानात खुरपत राहिली आणि अजूनही कुठंतरी खुरपतच असेल.

प्रयागाचा खोकला पुढच्या वर्षी सुरू झाला. नदीची दरड चढताना हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, आणि छातीत काहीतरी मुरडून यायचं. तिने ते गिळलं. गिळता येतं हे तिला मेंढरांवरून माहीत होतं. गुळाचा खडा, लवंग, नाहीतर नुसती जीभ टाळूला दाबून धरायची. पण सगळाच खोकला गिळता येत नाही, कुठंतरी तो टाकावा लागतो. मग तिने धुणं आपलंसं केलं. घरातल्या सगळ्यांची धुणी ती मागून घ्यायची, गोधड्यासुद्धा. सासू बायकांत सांगायची, धाकटी लय कामाची. नदीवर दगडावर धपाटा मारायचा आणि त्या आवाजात खोकायचं, परत धपाटा, परत खोकायचं. पुढं पुढं हात आणि छाती यांचा ताल असा जमला की शेजारच्या दगडावर बसलेल्या बाईलाही पत्ता लागू नये. त्या बायका आपसात कितीतरी बोलायच्या, नवऱ्यांच्या चहाड्या, सासवांच्या नकला. ती हसायची आणि धुणं आपटायची. एवढ्या बायकांत बसून कुणालाच काही सांगता येत नाही हे एखाद्या दिवशी इतकं दाटून यायचं की खोकला आणि रडणं यातलं आधी काय बाहेर पडतंय हे तिचं तिलाच कळायचं नाही.

सासरा वारला. सावळारामला साखर कारखान्यात स्टोअरला नोकरी लागली, आणि ती दोघं पोराला घेऊन बारामतीला एसटी डेपोच्या मागं दोन खोल्यांत राहायला आली. आता ऐकायला कुणी कडक माणूस नव्हता. पण सवय काय सासऱ्याबरोबर सरणावर जाते? नदी सुटली, नळ आला, आणि नळाखाली मोरीत बसून धुणं आपटलं तर खालच्या घरातली बाई वरती येते. मग तिने डेपोतल्या गाड्या ओळखल्या. सकाळी इंदापूरची गाडी सुरू होताना सगळी चाळ हादरते, तेवढ्यात एक उबळ निघून जाते. दुपारी शेजारच्या कौसल्याच्या घरात टीव्ही. आणि मधल्या वेळेला कुकर होता. कुकरची शिट्टी होईल तेव्हा तोंडात पदर कोंबायचा आणि मोकळं व्हायचं, शिट्टी बसायच्या आत पदर बाहेर. सावळाराम पुढच्या खोलीत पेपर वाचत असायचा. कधी पेपरचं पान उलटल्याचा आवाज यायचा, कधी यायचा नाही. ह्यांना काही कळत नाही, हे तिचं समाधानही होतं आणि दुःखही होतं. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं याचा तिने कधी उलगडा केला नाही.

संध्याकाळी सावळारामने फुगे आणले. साठीला आलेला माणूस, डोक्याला टोपी, धोतराचा सोगा हातात, आणि दुकानदाराने विचारलं कुणाचा वाढदिवस. "म्हनलं बायकूचा," तो हसत सांगत होता. ती हसली. लाल फुगा तोंडाला लावून तिने फुंकला तर तो लिंबाएवढा झाला आणि तिच्या तोंडावरच फुस्स झाला. "जोर लाव की. मेंढक्याची लेक तू," तो म्हणाला. तिने परत फुंकला. घशात खोकला चाळवला. ती फुगा ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवर कुकर चढवला. मागून तो काही बोलेल असं तिला वाटलं. पण थोड्या वेळाने तिने त्याच्या चपलांचाच आवाज ऐकला. तो मारुतीच्या देवळाकडं गेला होता.

दोन-तीन दिवस गेले. एका दुपारी घरात कुणी नव्हतं, डेपोही शांत होता, आणि तिच्या मनात आलं की एकदा बघावं. नुसतं आपल्यापुरतं बघावं, आपला खोकला असतो तरी कसा. तिने तो उघडा कधी ऐकलाच नव्हता. कायम धपाट्याखाली, इंजिनाखाली, पदराखाली. खिडकी लावून, भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली, पोटातून श्वास घेतला आणि खोकायला गेली. आवाजच येईना. तोंड उघडं, मान ताठ, आणि घसा असा बंद झाला की जणू आत कुणी कान लावून बसलंय. स्वतःच्या घरात, भर दुपारी, एकटीला खोकता येत नाही, याची तिला आधी गंमत वाटली आणि मग भीती. छाती शिवल्यावर पुण्यात कोण कुकर लावणार आहे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, खोकत नाही तो दगावतो. ती पलंगाची कड धरून खाली बसली, आणि मग तो आला. एकापाठोपाठ एक, उघडे, खरखरीत. केवढा तो आवाज! जाडाभरडा, कुण्या म्हाताऱ्या पुरुषाचा वाटावा असा. हा माझा? तिला त्याची ओळख पटेना. डोळे पुसेपर्यंत दारावर थाप पडली. कौसल्या उभी होती. "भाऊ घरी हायत व्हय? लय खोकत्यात. माझ्याकडं अडुळसा हाय, दिऊ का?" प्रयागबाईने क्षणभर तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांची शेजारीण, भिंतीला भिंत. सांगावं का हिला? "व्हय," ती म्हणाली, "पडल्यात जरा." आणि अडुळशाची बाटली हातात घेऊन तिने दार लावलं. त्या दिवशी तिला जसं एकटं वाटलं तसं साखरबाईची गाडी गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तिचा खोकलासुद्धा तिच्या नावावर नव्हता.

पुढच्या आठवड्यात ती दोघं परत दवाखान्यात गेली तेव्हा लवंग गालात होती. योगिनी डॉक्टरांनी पाठ तपासली, कपाळाला आठी घातली, परत तपासली. "पुण्याची तारीख मिळतेय," त्या म्हणाल्या. "मावशी, मी शेवटचं विचारते. माझा सगळा अंदाज तुमच्या सांगण्यावर आहे. खोकला नाही?"

"न्हाय."

"मग मी त्यांना कळवते, छातीचा धोका फारसा नाही. करा म्हणून."

तिच्या अंगातून वारं गेल्यासारखं झालं. आपण निवडले गेलो. घाट चढून जाणाऱ्यांत आपण आहोत. आणि त्याच वेळी शेजारच्या स्टुलावरून सावळाराम उठून उभा राहिला. टोपी खाली पडली ती त्याने उचलली नाही.

"थांबा, म्याडम. हिला खोकला हाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"लय दिसांचा. इंद्रजित पोटात न्हवता तवापासनं." तो डॉक्टरीणबाईंशीच बोलत होता, बायकोकडे बघत नव्हता. "नदीवर धुनं आपटाया जायाची. मी वरच्या रानात मोटंवर असायचो. धपाटा यायचा आनि त्याच्यात मिसाळल्याला आवाज यायचा. वाऱ्यावर समदं आईकू येतं. हितं कुकर लावती. एकदा मी झाकान काडून बघितलं, आत नुसतं पानी उकाळत हुतं. डाळ न्हाई, तांदूळ न्हाई." त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. "आन झोपती कुठं आडवी? भितीला टेकून बसती. मीबी जागाच असतो."

प्रयागबाईने मान वळवली. ह्या माणसाला आपण पहिल्यांदाच बघतोय असं तिला वाटलं. कानशिलावरचे पांढरे केस, कानाची लोंबलेली पाळी. तो कान. धपाट्याखाली, इंजिनाखाली, शिट्टीखाली ती जे जे दडवत होती ते सगळं ह्या कानात जात होतं, आणि तिथून पुढं कुठंच जात नव्हतं. इतकी वर्षं एका भिंतीच्या ह्या अंगाला ती जागी आणि त्या अंगाला हा जागा.

"तुमाला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मग इचारलं न्हाईसा कवा?"

सावळारामने तोंडावरून हात फिरवला. "इचारलं असतं तर तू व्हय म्हनली असतीस. तू व्हय म्हनल्यावर मला म्हाईत न्हाय असं कसं म्हनायचं? वडलांनी गाडी जुपाया लावली असती. थोरलीची लावलीच की. त्यांच्याम्होरं माझं काय चालत हुतं? म्हनून म्हनलं, आपुन आईकलंच न्हाय. न्हाय आईकलं तर कुनी काय करनार."

ते खरं होतं. तिला ते लगेच पटलं. त्याने न ऐकल्यामुळेच ती त्या घरात राहिली होती, पोरगं झालं होतं, बारामती झाली होती. त्याच्या पाया पडावं असं एक क्षण तिला वाटलं. आणि मग दुसरं काहीतरी पोटातून वर आलं.

"मामंजी जाऊन किती वर्सं झाली?" तिने विचारलं.

तो बोटांच्या पेरांवर मोजायला लागला.

"हितं तर कुनी न्हवतं. दोन खोल्या. तुमी आन मी."

सावळाराम खाली पडलेल्या टोपीकडे बघत होता. "मग सवंच झाली हुती," तो अगदी हळू म्हणाला. "तुलाबी आन मलाबी."

सासऱ्याला शिव्या देता आल्या असत्या. सवयीला काय म्हणायचं? तिला राग आला. एवढा राग आपल्यात शिल्लक होता हे तिला माहीत नव्हतं. धाकाची वर्षं तिने कधीच सोडून दिली होती, ती सगळ्याच बायकांची असतात. पण नंतरची? ती कुणी मागितली नव्हती. ती दोघांनी मिळून, एकमेकांना न विचारता, नुसती फुकट घालवली होती.

योगिनी डॉक्टर खुर्ची पुढं ओढून तिच्याजवळ बसल्या. "मावशी, धोका आहे तर. मला वाटत होतं त्याहून बराच आहे," त्या म्हणाल्या. "पण आता तो मला माहीत आहे. पुण्याची तारीख पुढं ढकलू, औषधांनी छातीतलं पाणी उतरवू, कफ मोकळा करू. रोज इथं येऊन खोकायचं, शिकायचं. मग पाठवू."

"म्हंजी बाजूला काडत न्हाई मला?"

"बाजूला कुठं?" डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. "कुणी बाजूला काढत नाही हो. कळावं म्हणून विचारत होते, काढायला नाही."

प्रयागबाईला हे नीट समजायला थोडा वेळ लागला. मग तिने तोंडातली लवंग काढली आणि खिडकीबाहेर टाकली.

"आता खोका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तिचा संकोच ओळखून सावळारामकडे वळल्या. "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

तो सुटका झाल्यासारखा दाराकडे निघालासुद्धा.

"न्हाय," प्रयागबाई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या त्यास्नी. बसा हितंच."

तो परत येऊन स्टुलावर बसला. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, पोटात श्वास भरला, तोंडावरचा पदर खाली केला आणि त्याच्याकडे बघत खोकली. पहिला आवाज निघाला तशी बाहेरच्या बाकावरची कुजबूज थांबली. मग दुसरा आला, तिसरा आला, खोलीभर झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी तिने त्याच्यावरची नजर काढली नाही. थोडी उसंत मिळाली तेव्हा सावळाराम पाणी आणायला धडपडत उठला. तिने हाताने त्याला खाली बसवलं.

"बसा," ती धापा टाकत म्हणाली. "अजून लय हाय."